11 जण, एक दुखरा गुडघा आणि गुहांची हौस

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील तीन कुटुंबे मिळून 11 जण दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी गुहा पाहायला निघणार आहेत. त्यांत 6 ते 14 वर्षांची चार मुले आहेत, 67 वर्षांच्या आपल्या आई आहेत आणि त्यांचा गुडघा दुखतो. मुलांनी मेघालयातल्या गुहांचे व्हिडिओ पाहिले असल्यामुळे त्यांना ‘रांगत जायची’ गुहा हवी आहे. तेव्हा पुण्याजवळ अशी गुहा कोठे आहे, तेथे मुलांना धोका आहे का आणि बरोबर काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

गेली 20-22 वर्षे मी नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि मित्रांच्या मित्रांचे असे घरगुती गट लेण्यांमध्ये आणि अधूनमधून नैसर्गिक गुहांमध्ये नेत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, आपला प्रश्न जागेचा आणि सामानाचा वाटत असला, तरी खरी अडचण वेगळी आहे. गुहा या एकाच शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी मागत आहात आणि ज्या 11 जणांना त्या दाखवायच्या आहेत, त्यांची चाल एकसारखी नाही. या दोन गोष्टी आधी सुटल्या, की पिशवीत काय भरायचे हा प्रश्न पाच मिनिटांचा उरतो.

पहिली गोष्ट दगडाची. मेघालयातल्या बहुतेक लांब गुहा चुनखडीच्या आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या भेगांत शिरते आणि दगडच विरघळवत नेते. हजारो-लाखो वर्षांनी तेथे भुयारे, दालने आणि छतातून लोंबणारे लवणस्तंभ तयार होतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे आणि बेसॉल्ट पाण्यात असा विरघळत नाही. त्यामुळे पुण्याच्या आसपास आडोसे, कपारी आणि क्वचित एखादी लहानशी नैसर्गिक पोकळी सापडते. पण तासन्‌तास रांगत जावे असे भुयार सापडत नाही. समाजमाध्यमांवर ‘पुण्याजवळची गुप्त गुहा’ म्हणून जे फिरते, ते बहुधा एखाद्या किल्ल्यावरचे खांबटाके, म्हणजे कातळात खांब राखून खोदलेले पाण्याचे टाके, असते आणि त्यात मुलांना उतरवणे ही शुद्ध बेपर्वाई आहे.

मात्र ज्या बेसॉल्टने आपल्याला भुयारे दिली नाहीत, त्यानेच लेणी दिली. आडवे, सलग आणि घट्ट थर असल्यामुळे कारागिरांना छत न कोसळता आत शिरता आले. देशातल्या कोरीव लेण्यांचा फार मोठा हिस्सा महाराष्ट्रात आहे आणि एकट्या जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. म्हणून माझे उत्तर असे की, या खेपेला लेणी पाहा आणि रांगायची हौस पुढच्या सहलीसाठी राखून ठेवा. मुले सुरुवातीला थोडी खट्टू होतील, याची मला कल्पना आहे. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट माणसांची. गट नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चालतो, हे सगळ्यांना तोंडपाठ असते; तरीही बेत आखला जातो तो 14 वर्षांच्या मुलाच्या उत्साहाने. आईंच्या गुडघ्याबद्दल मी प्रथम हे विचारीन की, त्यांना चढताना जास्त त्रास होतो की उतरताना. पुष्कळ जणांना चढण जमते, पण उतरताना प्रत्येक पायरीवर सारा भार गुडघ्यावर येतो आणि नेमकी तीच गोष्ट घरून निघताना कोणाच्या लक्षात येत नाही. काठी एक नव्हे, दोन द्याव्यात. जिना घसरडा असेल तर उतरताना त्यांच्या पुढे एका धडधाकट माणसाने एक पायरी खाली राहून चालावे. आणि त्या वर येणार नसतील, तर त्यांच्याजवळ कोण थांबणार हे आदल्या रात्रीच ठरवावे. पायथ्याशी पोहोचल्यावर हा प्रश्न निघाला, की न विचारता घरच्या सुनेवर जबाबदारी पडते आणि तिची लेणी बघायची राहतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी स्वतःच आधी थांबणाऱ्याचे नाव विचारतो.

आपल्या गटासाठी मी लोणावळा-कामशेत परिसरातली कार्ले आणि बेडसे ही लेण्यांची जोडी सुचवीन, आणि तीही दोन वेगळ्या दिवशी. त्याच परिसरातले भाजे लेणे मला फार आवडते, मळवली स्थानकावरून चालत जाता येते हा त्याचा मोठा गुण आहे आणि तेथील चौदा स्तूपांचा पुंजका मुलांना मोजायला आवडतो. परंतु एका दिवसात कार्ले-भाजे-बेडसे अशी तिन्ही ठिकाणे ‘करून’ येण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आणि उरलेला वेळ गाडीत जातो. चौथ्या लेण्यापर्यंत मुलांना सगळे खांब सारखे दिसू लागतात.

कार्ल्याला गाडी डोंगराच्या बऱ्याच वरपर्यंत जाते आणि त्यानंतर पायऱ्या आहेत, त्यामुळे आईंना तेथे जमण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. शिवाय लेण्याच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर असल्यामुळे, लेणी पाहण्यात रस नसलेल्या ज्येष्ठांनाही वर येण्याचे कारण मिळते. गर्दी मात्र टाळायला हवी. नवरात्रात, चैत्रात आणि कोणत्याही रविवारी दुपारी तेथे शांतपणे उभे राहता येत नाही. शनिवारी सकाळी लवकर जावे. आतला चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन, सुमारे 124 फूट लांब आहे आणि त्याच्या कमानदार छताला लावलेल्या लाकडी फासळ्या मूळच्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांच्या आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्यांची काही गरज नव्हती. लाकडी इमारती बांधणाऱ्या कारागिरांची सवय दगडातही सुटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मुलांना सांगून मग वर पाहायला लावावे. तेथील एका शिलालेखात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे बेधडक कोरून ठेवले आहे. जाहिरातबाजी नवी नाही, असे आमच्या गटातील एक काका तेथे दर वेळी म्हणतात.

बेडसे हे मात्र खरे मुलांचे लेणे आहे. कामशेतहून पवन मावळात शिरले, की बेडसे गावामागच्या डोंगरात ते आहे. पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत आणि खालून पाहिले तर वर चैत्य आहे यावर विश्वास बसत नाही. कारण चैत्याच्या समोरचा कातळ कारागिरांनी पूर्ण काढलाच नाही. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती तशाच उभ्या आहेत आणि मधून एक अरुंद बोळ आत जातो. त्या बोळातून एकामागे एक जायचे, आणि मग अचानक सुमारे 25 फूट उंचीचे खांब डोक्यावर येतात. खाली दगडी घट, मध्ये अष्टकोनी दांडा आणि वर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी. रांगण्याची हौस असलेल्या मुलाला यातला बोळ पुरतो. माझी पद्धत अशी आहे की, मोठ्यांना मागे ठेवून सर्वांत लहान मुलाला पहिला आत पाठवायचे (त्याच्या मागे एक हात अंतरावर आपण असतोच) आणि त्याने बाहेर येऊन इतरांना ‘आत काय आहे’ ते सांगायचे. सहा वर्षांच्या मुलाने सांगितलेले वर्णन ऐकून चौदा वर्षांचा मुलगाही मोबाइल खिशात ठेवतो.

त्या खांबांमागच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे हे दान, इतकाच त्याचा आशय आहे आणि त्याचा पहिलाच शब्द ‘नासिकतो’, म्हणजे नाशिकहून, असा आहे. घरीच मुलांना दोन अक्षरे शिकवून आणावीत. ब्राह्मीतला ‘न’ म्हणजे उलटा ठेवलेला इंग्रजी टी आणि ‘क’ म्हणजे गणितातले अधिकचे चिन्ह, फक्त खालचा दांडा थोडा लांब. ही दोन अक्षरे माहीत असली, की मुले मान वर करून भिंत शोधू लागतात आणि दहा मिनिटांत कोणीतरी ‘नाशिक!’ म्हणून ओरडते. मला आजवर लेण्यांत याहून चांगला खेळ सापडलेला नाही. टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरली, तर अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि पुसट लेखही वाचता येतो. याच युक्तीने अर्धवट सोडलेल्या भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. पाहणे मात्र डोळ्यांनी, बोट न लावता. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास 1958 च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे चौदा वर्षांच्या मुलांना आवर्जून सांगावे, कारण बदामात नाव कोरण्याचे वय साधारण तेथूनच सुरू होते.

आता धोक्यांविषयी. लेण्यांत छत कोसळण्याची भीती लोकांना वाटते, पण मी पाहिलेले बहुतेक अपघात पायाखालचे आहेत. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपलेला असला, तरी सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ टिकून असते आणि वाळलेल्या शेवाळावर दव पडले की तेही घसरते. खाचा झिजलेल्या तळव्यांचे, पांढरे स्वच्छ ‘फिरायचे’ बूट येथे निरुपयोगी असतात. त्यानंतर क्रम लागतो पाण्याच्या टाक्यांचा. जवळजवळ प्रत्येक लेणीसमूहात जमिनीच्या पातळीवर तोंड असलेली टाकी आहेत (जुन्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे), पावसाळ्यानंतर ती काठोकाठ भरलेली असतात, वर शेवाळाचा हिरवा थर असल्यामुळे लहान मुलाला ती जमीन वाटू शकते आणि त्यांच्या बाजू सरळ खाली उतरतात. लेण्यावर पोहोचल्याबरोबर पहिले काम म्हणजे सगळ्या मुलांना ही टाकी नेऊन दाखवणे. ‘तिकडे जाऊ नका’ असे सांगण्यापेक्षा, हात धरून ‘हे पाहा, हे पाणी आहे’ असे दाखवलेले जास्त काळ लक्षात राहते.

आग्या मोहोळ कड्याला लोंबताना दिसले, तर त्या भागातून आवाज न करता मागे फिरावे. अत्तर, डिओडरंट, धूर, आरडाओरडा, दगड भिरकावणे आणि ड्रोन, यांपैकी कोणत्याही कारणाने माश्या उठू शकतात. उठल्याच, तर हात न झटकता, ओढणी किंवा जॅकेटने तोंड झाकून, उताराचे भान ठेवून शक्य तितके दूर पळायचे. टाक्यात उडी मारायची नाही, कारण माश्या पाण्यावर घोटाळत राहतात. या एका गोष्टीत मी कोणाचीही समजूत काढत बसत नाही. आमच्या सहलीत सुगंधी फवारे घरीच ठेवले जातात.

वटवाघळांबद्दल लोक दोन टोकांना असतात. काहींना ती बघून किंचाळायचे असते, तर काहींना फ्लॅश मारून फोटो काढायचा असतो. दिवसा ती झोपलेली असतात आणि आपण त्यांच्या घरात गेलेलो असतो. ज्या अंधाऱ्या खोलीतून अमोनियासारखा उग्र दर्प येतो आणि जमिनीवर विष्ठेचा कोरडा थर दिसतो, तेथे आत जाऊच नये; त्या धुळीतल्या बुरशीमुळे फुप्फुसांचा आजार होऊ शकतो आणि दमा असलेल्यांनी तर दारातूनच परतावे. 2020 च्या मार्चमध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. याचा अर्थ वटवाघूळ दिसले की आजार झाला, असा मुळीच नाही. त्यांना हात लावू नये, त्यांच्याखाली बसून डबा खाऊ नये आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढाच आहे.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी 14 जणांचा गट घेऊन मी रायगड जिल्ह्यातल्या ठाणाळ्याच्या लेण्यांत गेलो होतो. तेथे जंगलात ओळीने 23 लेणी आहेत, प्रत्येकात लहान लहान खोल्या, आणि मी शेवटच्या लेण्यापर्यंत बोलत बोलत गेलो. माणसे मोजली ती परतताना, तेव्हा तेरा भरली. नऊ वर्षांचा एक मुलगा सहाव्या-सातव्या लेण्यातल्या आतल्या खोलीत दगडी ओट्यावर आरामात बसला होता. हाका त्याला ऐकू गेल्या होत्या, पण तो लपाछपीचाच भाग असावा असे त्याला वाटले. वीस मिनिटे त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून प्रत्येक लेण्यात शिरताना आणि बाहेर पडताना आम्ही आकडे म्हणतो: एक, दोन, तीन, असा ज्याचा त्याने आपला. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते आणि तीन शिट्ट्या म्हणजे खेळ बंद, हा नियम गाडीतच पाठ करून घेतला जातो.

सामान फार नको. प्रत्येकाला स्वतःची टॉर्च हवी, तीही शक्यतो कपाळावर बांधायची, कारण मुलांचे दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. मोबाइलचा उजेड हा उजेड समजू नये. वाट चुकल्यावर ज्या फोनची गरज पडते, त्याचीच बॅटरी आपण आधी संपवलेली असते. माणशी दीड-दोन लिटर पाणी, पूर्ण पँट, गुडघ्यासाठी क्रेप बँडेज, ज्याला ॲलर्जी आहे त्याची डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. टाक्यांतले पाणी कितीही नितळ दिसले तरी न उकळता पिऊ नये.

रांगायच्या गुहेबद्दल मुलांना वचन द्यायचे असेल, तर त्यासाठी वेगळी सहल काढावी लागेल. आंध्र प्रदेशातील बेलमच्या गुहा सव्वातीन किलोमीटरच्या आसपास लांब असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटरचा भाग दिवे आणि वाटा करून पर्यटकांसाठी खुला आहे. तेथे आत उकडते, गारवा मिळत नाही, हे आधी माहीत असावे. बस्तरमध्ये जगदलपूरजवळची कुटुमसर गुहा मला कुटुंबांसाठी अधिक योग्य वाटते, मात्र आई बरोबर असतील तर नाही, कारण उतरण अरुंद आहे आणि जिना उभा आहे. वनखात्याचा वाटाड्या दिव्यासह बरोबर असतो, आतल्या पाण्यात दृष्टी हरवलेले लहान मासे राहतात, आणि सगळ्यांनी मिनिटभर दिवे मालवले तर स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरूनही दिसत नाही. असा अंधार लेण्यांत मिळत नाही. लवणस्तंभांना हात लावू नये, कारण त्वचेचा तेलकटपणा लागला की तेथे नवा थर नीट धरत नाही. मेघालयात सोहराजवळची (म्हणजे चेरापुंजीजवळची) मॉस्माई गुहा लहान आणि दिव्यांची आहे, ती पुरे. व्हिडिओत दिसतात त्या कमरेएवढ्या पाण्यातल्या गुहा स्थानिक जाणकार, हेल्मेट आणि आधीचा सराव यांशिवाय घरच्या गटाने करण्याच्या नव्हेत.

नैसर्गिक गुहेत जायचे ते पावसाळ्याबाहेरच, याला अपवाद नाही. कुटुमसर पावसाळ्यात बंदच ठेवतात. 2018 च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉलच्या सरावानंतर सहज म्हणून शिरलेली 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पाणी भरल्यामुळे अडकले आणि शेवटच्या माणसाला बाहेर काढायला 10 जुलै उजाडला. एका माजी नौदल पाणबुड्याचा त्यात जीव गेला. आपल्याकडच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे पाणी उपसण्याच्या कामात मदतीला गेले होते, म्हणून पुष्कळांना ती बातमी आठवत असेल. ती मुले बेशिस्त नव्हती, त्या गुहेत ती आधीही गेलेली होती. पाऊस लवकर आला, एवढेच घडले.

तेव्हा आपल्या दोन दिवसांचा बेत मी असा करीन: शनिवारी सकाळी सगळे 11 जण कार्ल्याला, दुपारी जेवून लोणावळ्यात किंवा कामशेतला मुक्काम, रविवारी आई आणि त्यांच्याजवळ थांबायचे आधीच कबूल केलेली एक व्यक्ती मुक्कामीच, बाकीचे नऊ जण बेडशाला. बेडशाचा चैत्य पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळचे ऊन त्या बोळातून थेट आत येते आणि तेवढा वेळ खांबांवरचे हत्ती टॉर्चशिवाय दिसतात. त्यासाठी उजाडतानाच पायथा सोडायला हवा. आईंना चढताना त्रास होतो की उतरताना, हे कळवलेत तर कार्ल्याला त्यांनी पायऱ्या चढाव्यात की मंदिरातून येणाऱ्यांची वाट पाहत वाहनतळावर चहा घ्यावा, हे अधिक नेमके सांगता येईल.